ताबा मॅडम

अकोल्याच्या कोर्टात नव्या वकिलाने पगार मागायचा नसतो. मागितलाच तर सीनियर त्याच्याकडे असा बघतो, जणू जेवायला बोलावलेल्या पाहुण्याने ताटच पिशवीत घातलं. "शिकाले मियते ना बाप्पा, मंग पैसा कायचा?" एवढं एक वाक्य ऐकवलं की पोरगं गप्प बसतं आणि पुढची चार-दोन वर्षं बापाच्या पैशाने पेट्रोल भरत कोर्टात येतं. अशा ठिकाणी प्रणाली वाकपांजर हिला पहिल्या महिन्यापासून पंधरा हजार मिळत होते. रोख, पाकिटात, एक तारखेला. बाररूममधल्या पोरांचा तिळपापड व्हायचा. प्रणालीला मात्र वाटायचं, आपल्यात काहीतरी दिसलं असणार साहेबांना.

दिसलं होतंच. ते कुठे आणि कसं दिसलं, ते आधी सांगतो.

प्रणाली चांदूर बाजार तालुक्यातली. बाप पुंजाराम ग्रामपंचायतीत नळाचं पाणी सोडायचा. पोरगी अमरावतीत वकिली शिकत होती आणि विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळत होती, डाव्या कोपऱ्यावर. तिने घोटा धरला की चढाईला आलेली पोरगी आपल्या पायाने परत जात नसे. शेवटच्या वर्षी कॉलेजात युक्तिवादाची स्पर्धा झाली आणि पाहुणे म्हणून अकोल्याचे भगवंतराव वकील आले. जागेच्या आणि घराच्या दाव्यांत मोठं नाव, पांढरी गाडी, मिशीला काळा रंग. स्पर्धा शिवम नावाच्या पोराने जिंकली. भगवंतरावांनी त्याला ढाल दिली, पाठ थोपटली आणि चहाचा कप घेऊन ते मागच्या मैदानाकडे गेले. तिथे प्रणालीने एक आडदांड चढाईवाली घोट्यात धरली आणि मातीत अशी आपटली की तिच्या नाकातून रक्त आलं. भगवंतराव चहा प्यायचे विसरले.

"लॉची हायेस का वं पोरी?" त्यांनी विचारलं.

"हो सर. शेवटचं वर्ष हाये."

"सनद मियाली का अकोल्याले ये माह्याकडं. पंधरा हजार देतो."

शिवमलाही त्यांनी बोलावलं. त्याला म्हणाले, ये, शिकाले मियेल. तोही आला. निवड गुणवत्तेवर झाली यात वादच नाही.

आता ताब्याचं काम काय असतं ते बघा. घराचा नाहीतर दुकानाचा दावा जिंकला म्हणून जागा हातात येत नाही. आत राहणारा माणूस निघत नाही. मग कोर्टाचा बेलिफ वारंट घेऊन जातो आणि त्याला बाहेर काढून जागा ताब्यात देतो. पुरुष शिव्या देतात, दगड उचलतात, खाकी कपडा दिसला की मागे सरतात. खरी अडचण बायकांची. त्या उंबऱ्यात आडव्या पडतात, आणि त्यांना हात लावायची कोणा पुरुषाची छाती होत नाही, कारण दुसऱ्या दिवशी विनयभंगाची केस पडते. महिला पोलीस मागवायच्या तर अर्ज करा, पैसे भरा, वाट बघा. तेवढ्यात समोरचा वरच्या कोर्टातून स्थगिती घेऊन येतो. भगवंतरावांनी यावर डोकं लढवलं होतं. बाई उचलायला बाईच पाहिजे, आणि ती आपल्या पदरची पाहिजे.

पहिला ताबा जुन्या शहरातल्या पिठाच्या गिरणीचा. प्रणालीला वाटलं, कागदपत्रं धरायला नेताहेत. गाडीतून उतरताना भगवंतराव म्हणाले, "कोट काढून ठेव. फाडतीन बाया." तिने कोट काढला, गळ्यातली पांढरी पट्टी काढली आणि पुढे गेली. गिरणीच्या दारात तिघी बसल्या होत्या. पहिलीला उचलताच दुसरीने प्रणालीच्या दंडाला चावा घेतला, दात आत रुतेपर्यंत. तिसरीने तिखटाची मूठ डोळ्यांत मारली. प्रणाली आंधळी झाली. आंधळेपणीच तिने हाताला लागेल ती कंबर धरली, खांद्यावर घेतली आणि रस्त्यावर टाकली. परत गेली, दुसरी आणली. रस्त्यावर माणसं शिट्ट्या मारत होती. बेलिफाने कुलूप लावलं तेव्हा ती नाल्याच्या काठावर बसून बाटलीभर पाण्याने डोळे धूत होती आणि रडत होती. तिखटामुळे, असं तिने शिवमला सांगितलं.

भगवंतराव गाडीतून उतरले नव्हते. काच खाली करून म्हणाले, "वाघीन हायेस!"

मग रीतच पडली. महिन्याला एखादा ताबा, सणासुदीच्या आधी जास्त. एकीने प्रणालीचं डोकं जात्यावर आपटलं. एकीने स्वतःच्या अंगावर रॉकेल ओतलं आणि प्रणालीने काडी पेटलेली असतानाच तिच्या मुठीसकट दाबून विझवली. तळहाताची कातडी निघून आली. एकीचे केस हातात आले, मुळांसकट, आणि ती बाई तशीच हसत राहिली. हे हसणं प्रणालीला बरेच दिवस पुरलं. कोर्टात तिचं नाव पडलं, ताबा मॅडम. चहावाला त्याच नावाने कप पुढे करायचा.

पगार वाढत गेला. गावच्या घरावर स्लॅब पडला. पुंजाराम भेटेल त्याला सांगायचा, माही पोरगी वकील हाये, अकोल्याले केसा लढते. एक दिवस तर तो न सांगता एसटीने आला आणि कोर्टाच्या बाकावर दुपारपर्यंत बसून राहिला. लेक उभी राहून जजसाहेबासमोर बोलते ते त्याला बघायचं होतं. प्रणाली आली ती ताब्यावरून, ओठ फुटलेला, बाहीवर रक्त.

"काय झालं वं?"

"गाडीवरून पडली, बाबा. तारीख पुढं गेली आज."

बाप तिच्या ओठाकडे बघत राहिला. मग म्हणाला, बरं, मंग पुढच्या तारखेले येतो. त्याला एसटीत बसवून परत येताना तिला स्वतःची इतकी शरम वाटली की ती रिक्षासुद्धा न करता चालत आली.

कारण एवढ्या काळात ती एकदाही कोर्टासमोर उभी राहिली नव्हती. शिवम फुकट राबायचा, पण तारखा घ्यायचा, साक्षीदार तपासायचा, आता त्याच्याकडे स्वतःची पक्षकार मंडळी येऊ लागली होती. तिने एकदा विचारलं, "साहेब, एखादी केस मलेबी द्या ना. उलटतपासणी करू द्या एखादी."

"तपासनी कोनीबी करते," भगवंतराव म्हणाले. "तुह्यावानी काम दुसरं कोन करीन?" आणि पाकिटात आणखी दोन हजार घातले. तिने घेतले. कुणी बळजबरी केली नव्हती.

बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका गावात उन्हाळ्याच्या तोंडावर ते ताब्याला गेले. मातीचं घर, पुढे पत्र्याची पडवी. कर्ता पुरुष पुण्याकडे कामाला, सून रोजाने कांद्याच्या वावरात निंदणाला गेलेली. घरात एकटी म्हातारी, सुंदराबाई. प्रणाली पुढे झाली तशी म्हातारी उठून उभी राहिली.

"जय भीम, माय. ये ना अंदर. पानी घेतं का?"

"जय भीम," प्रणालीच्या तोंडून आपोआप गेलं. मागून बेलिफ आला, कुलूप आणि साखळी घेऊन, आणि म्हातारीच्या हातातला तांब्या खाली पडला.

ती उंबऱ्यात आडवी पडली नाही. तिने दाराची चौकट धरली, एका हाताने, आणि तोंड आत करून उभी राहिली. जन्मभर कपाशीची पऱ्हाटी उपटलेला हात तो. प्रणालीने कमरेला धरून ओढलं, बोटं सुटेनात. एकेक बोट सोडवायला गेली, म्हातारीने तिच्या मनगटाचा लचका तोडला. बेलिफाचा फोन वाजला. समोरचा वकील वरच्या कोर्टात पोचला होता, स्थगितीचा हुकूम कुठल्याही क्षणी येईल. गाडीतून भगवंतराव ओरडले, "आटप वं! काय गोंजारून राहिली?"

प्रणालीने कोपर धरलं आणि मनगट उलटं फिरवलं. मैदानावरची जुनी पकड. समोरची पोरगी दुखलं की हात सोडते. म्हातारीने सोडला नाही. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला. मग चौकटीवरची बोटं आपोआप उघडली आणि हात कोपराखाली भलतीकडेच लोंबू लागला.

सुंदराबाई ओरडली नाही. हाताकडे बघत म्हणाली, "मोडला ना वं."

प्रणालीने तिला उचलून बाहेर आणलं आणि निंबाखाली ठेवलं. तिची भांडी, गोधड्या, भिंतीवरचे फोटो बाहेर आले. कुलूप लागलं. प्रणाली गाडीत बसली.

पोलिसांत तक्रार झाली. त्यात लिहिलं होतं, वकिलाच्या माणसांसोबत आलेली एक धिप्पाड अनोळखी बाई. भगवंतरावांनी प्रणालीला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि खुशीत सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही.

"बेलिफाच्या रिपोर्टात तुहं नाव नाई. वकालतनाम्यावर नाई. पगाराची पावती नाई. तू तेथीसा नोतीच. समजलं?"

ती समजली. बाहेर येऊन तिने मोबाइलवर कोर्टाच्या केसेस दिसतात तिथे वकिलाच्या जागी शिवमचं नाव घालून बघितलं. खाली खाली सरकवत गेली तरी यादी संपेना. मग स्वतःचं नाव घातलं. एकही केस नव्हती. ती इतक्या वर्षांत या कोर्टात आलीच नव्हती, असंच ते सांगत होतं.

दुसऱ्या दिवशी भगवंतरावांनी तिच्यापुढे एक जाड फाइल टाकली. जागेच्या वादातून झालेल्या खुनाचा, चांगला गाजलेला खटला. "सोमवारी साक्षीदार हाये. उलटतपासनी तू कर. वकालतनाम्यावर सही कर आजच. फक्त तोंड उघडू नको कोठी." तिचे डोळे भरून आले. एवढीच तर मागणी होती तिची. तिने सही केली, घरी जाऊन प्रश्न तयार केले, आरशासमोर उभी राहून विचारून बघितले आणि बापाला फोन करून सांगितलं, सोमवारी ये.

झोप मात्र लागेना. डोळा मिटला की ती बोटं उघडताना दिसायची. शनिवारी ती कुणाला न सांगता सरकारी दवाखान्यात गेली. म्हातारीला एकदा बघून यावं, एवढंच ठरवलं होतं.

सुंदराबाईचा हात प्लास्टरात होता. सून ज्योत्स्ना स्टीलच्या डब्यात भाकर कुस्करत बसली होती आणि जबाब घ्यायला आलेला पोलीस शिपाई स्टुलावर बसून लिहीत होता. म्हातारीने प्रणालीला दारातच ओळखलं.

"हेच ते," ती म्हणाली.

ज्योत्स्ना डब्यासकट उठली. पहिला फटका भुवईवर बसला. वरण भिंतीवर उडालं आणि प्रणालीच्या डोळ्यात रक्त उतरलं. दुसरा कानावर. मग ज्योत्स्नाने झिंज्या धरून तिचं डोकं खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. दोन बोटांनी ते मनगट धरलं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं. प्रणालीने हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले. शिपाई मध्ये पडला, त्यालाही एक बसला.

"सोड तिले, ज्योत्स्ना," सुंदराबाई म्हणाली. "तिचा काय कसूर? रोजानं लावलेली बाई हाये ते. आपुन निंदाले जातो, ते जोर कराले जाते. पोटासाठी करते बिचारी. जाऊ दे."

ज्योत्स्नाचा हात खाली आला. प्रणालीने आजवर चावे खाल्ले, तिखट खाल्लं, पण असं कुठे लागलं नव्हतं. म्हातारी तिला माफ करत होती, आणि माफ करताना तिच्याकडे वकील म्हणून काही शिल्लक ठेवत नव्हती.

"तुमी कोन, बाई?" शिपायाने विचारलं. "नावगाव सांगता का जाता? जा, जायचं असन तं."

दार उघडं होतं. सोमवार दोन दिवसांवर होता, बाप येणार होता. तिला खूप भीती वाटली.

"लिहा," ती म्हणाली. "ॲडव्होकेट प्रणाली पुंजाराम वाकपांजर. हात म्या मोडला. मले कोनी रोजानं नोतं नेलं. वकील हाये मी, तशीच गेलती."

शिपायाने पेन थांबवलं. "मॅडम, समजून बोलून राहिल्या ना? सनद जाईन तुमची."

"लिहा."

सुंदराबाई उशीवरून मान उचलून तिच्याकडे बघू लागली. "वकील हायेस तू?"

"हो, आजी."

"कायदा शिकेल हायेस?"

"हो."

"मंग माह्या अंगाले हात लावता येते का नाई, हे मालूम होतं तुले?"

"मालूम होतं," प्रणाली म्हणाली.

म्हातारीने प्लास्टरातला हात छातीशी ओढून घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मार तिले, ज्योत्स्ना," ती म्हणाली.