त्याचं बोलणं, माझा आवाज

लोअर परळच्या ऑफिसात आमचं सॉफ्टवेअरचं प्रोजेक्ट चालू होतं तेव्हाची गोष्ट. टीममधले काही मुंबईत, काही पुण्यात, काही बंगळुरूला. कोणाला मेल करायचा, कोणाला ग्रुपवर विचारायचं आणि कोणाला सरळ फोन लावायचा, हे सांभाळणं माझं काम. त्यात मला खरा आधार होता तो टेस्टिंग बघणाऱ्या एका सहकाऱ्याचा. माझ्याहून थोडा मोठा, लालबागच्या चाळीत वाढलेला, भरदार आवाजाचा. मेलवर टीममधले कोणी दोघं एकमेकांना टोचून लिहायला लागले की तो म्हणायचा, "थांब, तू काही लिहू नकोस. मी बोलतो." मग खुर्ची मागे ढकलून फोन लावायचा. "काय रे, जेवलास का?" अशी सुरुवात. थोड्या वेळाने पलीकडचा माणूस हसत असायचा आणि अडलेलं काम पुढे सरकलेलं असायचं.

एके वर्षी त्याचा घसा बसला आणि सुटेनाच. तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. काही महिन्यांनी तो कामावर परत आला तेव्हा गळ्याभोवती सुती रुमाल होता आणि हातात फोन. जे सांगायचं ते टाइप करून दाखवायचा.

आम्ही टीममध्ये ठरवलं की तो लिहीत असला की सगळ्यांनी थांबायचं. सुरुवातीला सगळे थांबले. पण मीटिंगमधली शांतता माणसांना सहन होत नाही. कोणीतरी बोलून टाकायचं, विषय पुढे जायचा आणि त्याचा विनोद स्क्रीनवर उमटायचा तोवर हसण्याची वेळ निघून गेलेली असायची. तो मग ते पुसून टाकायचा. त्याने पुसलेलं मला दिसायचं.

एकदा क्लायंटसमोर त्याने मोठी चूक पकडली. लिहून होईपर्यंत निर्णय झालासुद्धा. मी सगळ्यांना थांबवलं आणि त्याची ओळ मोठ्याने वाचली. तेव्हापासून मीटिंगमध्ये त्याच्या शेजारी बसायचं आणि तो लिहील ते वाचायचं, हे माझं कामच होऊन गेलं. मी सांभाळून वाचायला लागले की तो टेबलावर बोटं आपटायचा आणि लिहायचा, "एवढं गोड नको. मी चिडलोय." मग मी चिडून वाचायची.

असंच एका दुपारी, बाजूलाच बसलेला असताना, त्याने मला मेसेज केला. "रविवारी घरी येशील? आईशी बोलायचंय."

त्याचं लग्न झालेलं नव्हतं. घरात तो आणि आई, दोघंच. वडील गिरणीत होते, ते कधीच गेले. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाला मात्र तिने हट्टाने शिकवलं होतं, आणि तो रोज सकाळी तिला पेपर वाचून दाखवायचा. ऑपरेशननंतर ते थांबलं. रोजचं हवं-नको खुणांनी भागायचं. फोनला वाचायला लावून बघितलं, तर आई म्हणाली, "ही कोण बाई? माझा पोरगा असा नाय बोलत." शेजारची मुलगी वाचून दाखवायची, पण तिच्यासमोर सगळंच कसं बोलणार?

रविवारी दुपारी मी गेले. दार उघडंच होतं. आई म्हणाली, "जय भीम, बाय. ये, बस." मीही जय भीम केला. तिने चहा ठेवला. तो खाटेवर बसून टाइप करत होता. मग त्याने फोन माझ्या हातात दिला. मी आधी मनात वाचलं आणि त्याच्याकडे बघितलं. त्याने मान हलवली. वाच.

"आई," मी वाचायला सुरुवात केली, "रिपोर्ट आलाय. मला परत झालंय. या वेळी डॉक्टर ऑपरेशन नको म्हणतात."

गॅस बंद करून ती माझ्यासमोर येऊन बसली. बघत होती मात्र त्याच्याकडे.

"मी खूप थकलोय, आई. आता इस्पितळात नको. मला इथेच राहू दे."

थकलोय. त्याचा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला आणि माझा आवाज फाटला. त्याने खाटेच्या कडेवर बोटं आपटली. नीट वाच. मी परत वाचलं.

आई उठून खाटेपाशी गेली. मग त्याच्या पायावर हात ठेवून म्हणाली, "रहा रे बाबा. मी कुठं तुला पाठवतेय?"

त्यानंतर जमेल त्या संध्याकाळी मी ऑफिसातून चालत त्यांच्याकडे जायची. तो लिहायचा, मी वाचायची. गावच्या आठवणी, कुणाची तरी नक्कल, कधी नुसतंच "आई, आज आमटी बेस झालीय", तीही तो घोटभरच प्यायचा. शेवटी बोटांतली ताकद गेली, तेव्हा तेही थांबलं. तो घरीच गेला. आई जवळ होती.

काही दिवसांनी मी भेटायला गेले. तिने त्याचा फोन माझ्यासमोर ठेवला. "बघ गं, माझ्यासाठी काय लिहून ठेवलंय का."

मी सगळं शोधलं. काहीच नव्हतं; संध्याकाळी मी वाचलेलंही तो लगेच पुसून टाकायचा. खोटं सांगावंसं वाटलं, पण त्याच्या नावावर माझे शब्द कसे खपवणार?

"नाही, आई. सगळे ऑफिसचेच मेसेज आहेत."

"मग ते वाच."

मी वाचायला लागले. "सर्व्हर चालू झाला. आता जेवून घ्या सगळे." "ही चूक कालच सांगितली होती." "पुण्यातल्या पोरांना ओरडू नका, मी बघतो." तिला यातलं किती कळत होतं कोण जाणे. भिंतीला टेकून, डोळे मिटून ती ऐकत होती. मी थांबले की म्हणायची, "अजून?"

अजून पुष्कळ होते. मी वाचत राहिले.