संदीपचं ताट आणि बिननावाचं पुस्तक

आमच्या घरात देवच नाही, तर भूत कुठून येणार? बौद्ध घर, अप्पा पक्के बुद्धिवादी आणि मी त्यांच्यावर गेलेला. आधीच सांगून ठेवतो... पुढचं वाचून कुणी मला गंडेदोरे सुचवू नयेत.

साल २००६. बदलापूर पश्चिम, मांजर्ली, तळमजल्यावरचं घर. आदल्या पावसाळ्यात नदीचं पाणी सोसायटीत शिरलं. माझा धाकटा भाऊ संदीप बाईक काढायला गेला तो परत आलाच नाही. त्या दिवसापासून अप्पांनी बोलणं सोडलं. आणि आई... ती रोज रात्री संदीपचंही ताट वाढायची.

"बस कर ना आई, अंधश्रद्धा आहे ही," मी चिडायचो.

"असू दे. तुझं काय जातंय?" एवढंच म्हणायची.

उल्हासनगर कॅम्प चारमधला रद्दीवाला सिंधी शेठ पुस्तकांचे पुठ्ठे आधी फाडतो — पुठ्ठ्याचा भाव वेगळा. त्याबरोबर पहिली पानं जातात, लेखकाचं नावही. तसंच एक जुनाट मराठी पुस्तक हाती लागलं. लिहिणारा ख्रिस्ती, शंभरेक वर्षांपूर्वीचा असावा.

"साईं, ये कोई नहीं लेता, ऐसे ही ले जाओ," शेठ म्हणाला.

मीही टाइमपास म्हणूनच घेतलं. पण या लिहिणाऱ्याचं मूल गेलं होतं, आणि तो देवाचे गोडवे गात नव्हता, देवाशी चक्क भांडत होता! मला तो आवडायला लागला.

एका रविवारी दुपारी अप्पांजवळ बसून मोठ्याने वाचत होतो. पुस्तकात गेलेल्या मुलाच्या ताटाचाच विषय निघाला... आणि पुढचं पान गायब. मी थांबलो.

"ताट मांडतात तोवर मांडू द्यावे," अप्पा म्हणाले. "बापच एके दिवशी उचलील."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आवाज! आणि तोही असा — जन्मभर अंबरनाथच्या कंपनीत "चल बे, काय बोलतो" करणारा माणूस ‘उचलील’ म्हणतो? आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि रडायलाच लागली. अप्पांनी पाणी मागितलं. रात्री संदीपचं ताट त्यांनी स्वतः उचललं, घासलं, मांडणीत ठेवलं. मग आपलं ताट घेऊन मागच्या पायरीवर गेले आणि आमच्याकडे पाठ करून जेवले. पुढे ते रोजचंच झालं.

काही महिन्यांनी अंबरनाथला ऑफिसातल्या एका ख्रिस्ती मित्राकडे गेलो होतो. त्याच्या आजीच्या कपाटात तेच पुस्तक दिसलं — अख्खं.

"आता आमच्यातही कुणी वाचत नाही रे बाबा," आजी म्हणाल्या.

मी ते पान काढलं. अप्पांची दोन्ही वाक्यं, शब्दन् शब्द तीच. खाली एक तिसरं वाक्य होतं, अप्पा न बोललेलं : उचलणाऱ्याला मात्र एकटे जेवू देऊ नये.

घरी येऊन अप्पांना खोदून विचारलं. मिशनची शाळा? कुणी ख्रिस्ती शेजारी?

"नाय रे. आणि मी असं बोललो कधी?"

त्यांना काहीच आठवत नाही. आजींच्या प्रतीवर लेखकाचं नाव होतं, पण ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या कुणालाच ते ठाऊक नाही. मला अजून भीती वाटते, आणि स्पष्टीकरण तर नाहीच.

ते पान वाचलं त्याच रात्री मी माझं ताट घेऊन मागच्या पायरीवर गेलो. अप्पा फक्त थोडे सरकले.