तुमसरच्या आकाशातल्या अज्ञात वस्तू

"उघड्या मांडवात पोरगा उभा नाही करत मी," शेठजी म्हणाले. "वर काय काय फिरून राहिलं, तुमचाच फोटू सांगून राहिला ना?"

शेठजी म्हणजे माझ्या स्टुडिओच्या पाठीमागच्या राइस मिलचे मालक. बाकावर सानगडीचे लक्ष्मणराव बसले होते. त्यांच्या मुलीचं आणि शेठजींच्या मुलाचं लग्न आठवड्यावर आलं होतं. ते मोडायला निघालेली वस्तू काउंटरवर पडली होती, आणि ती माझी कलाकृती होती.

एकोणऐंशीचा उन्हाळा. अमेरिकेची आकाशात फिरणारी प्रयोगशाळा, स्कायलॅब, खाली पडणार अशी बातमी रेडिओवर रोज यायची. माझा धंदा पासपोर्ट, लग्नं आणि मुलगी दाखवायच्या फोटोंचा. पण त्या उन्हाळ्यात मला आपण शास्त्रज्ञ असल्याचा भास झाला. दिवेलागणीला गच्चीवर ट्रायपॉड लावला आणि आकाशातून एक ठिपका सरकताना दिसला तसं शटर उघडं ठेवलं. शटर उघडं राहिलं की चालती वस्तू फोटोत रेघ होऊन उमटते. रेघ छान आली. तिच्या आजूबाजूला पाच-सहा पांढऱ्या खुणाही आल्या.

कॉलेजात फिजिक्स शिकवणारे बोरकर सर तारकांचा नकाशा घेऊन आले. "हे तारे नाहीत," ते म्हणाले. "भंगार आहे. रॉकेटचे सुटलेले तुकडे. तेही कक्षेत फिरत राहतात."

माझ्या आयुष्यातल्या पहिल्या शोधाला हा माणूस भंगार म्हणत होता. मला राग आला. "आकार बघा सर. सगळे लांबट, दोन्ही टोकांना निमुळते. फुटलेले तुकडे असे एकसारखे असतात का? ही कोणीतरी बनवलेली यानं आहेत."

"कोणी बनवली?"

"ते कळलं असतं तर अज्ञात कशाला म्हटलं असतं?"

हा वाद रोज संध्याकाळी चहासोबत चालायचा. फोटो मोठा करून मी बाहेरच्या शोकेसमध्ये लावला. खाली पाटी: 'तुमसरच्या आकाशातल्या अज्ञात वस्तू'. गर्दी व्हायला लागली. मी इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात यायला लागलो. आणि त्या गर्दीत एक दिवस शेठजी उभे राहिले. तिसऱ्या दिवशी लक्ष्मणराव त्यांना घेऊन दुकानात आले आणि फोटो शोकेसमधून काउंटरवर आला.

"इवाई, पत्रिका वाटून झाल्या जी," लक्ष्मणराव म्हणाले. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. "पोरगी दोन दिसांपासून जेवून नाही राहिली. मांडवावर टिनाचे पत्रे टाकतो म्हणान तर टाकतो."

"तिथून पडलं तर टिना काय करन?" शेठजी माझ्याकडे वळले. "तुमी सांगा. पडन का नाही?"

मला माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण बोरकर सर समोर बसलेले. "शास्त्रात अशी खात्री देता येत नाही," मी म्हणालो. लक्ष्मणरावांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

त्यांनी खिशातून मुलीचा फोटो काढला. "हाही यायनंच काढला. हा पाहून तुमच्या घरून होकार आला. फोटूतच पोरीवर अक्षता पडल्या, म्हणे. मंग एकाच माणसाचा हा फोटू शुभ आन तो अशुभ काहून?" त्यांनी तो आकाशाच्या फोटोशेजारी ठेवला.

मी दोन्ही फोटो जवळ ओढले. काळ्या पडद्यापुढे मुलगी, आणि तिच्या केसांभोवती पांढऱ्या खुणा. लांबट. दोन्ही टोकांना निमुळत्या.

फोटो निगेटिव्हवरून छापतात. निगेटिव्हवर काही चिकटलं तर तिथून उजेड जात नाही आणि कागद तेवढ्या जागी पांढरा राहतो. असे डाग बारीक ब्रशने शाई लावून बुजवायचे असतात. मी लग्नाच्या आणि मुलगी दाखवायच्या फोटोंत बुजवत नसे. लोक त्यांना अक्षता समजत आणि मी समजू देई. आळसाला इतकं मंगल नाव फुकट मिळत असेल तर कोण सोडतो?

आता खरं सांगितलं तर आकाश मोकळं होणार होतं, पण मुलीच्या डोक्यावरच्या अक्षताही जाणार होत्या. आणि शेठजी शकुन मानणारे. मी घुटमळलो. लक्ष्मणराव हातातली टोपी पिळत होते. शेवटी मी आतून दोन्ही निगेटिव्ह आणि भिंग आणलं.

"शेठजी, हे वर नाही. इथे चिकटलंय. धानाच्या कोंड्यातली कुसळं आहेत. ओली निगेटिव्ह मी मागच्या खिडकीत वाळवतो, तेव्हा उडून बसतात."

"कोणाच्या मिलची?"

"तुमच्याच जी."

बोरकर सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "म्हणजे भंगारच," ते समाधानाने म्हणाले. "मी पहिल्यापासून सांगतोय."

शेठजींनी आकाशाची निगेटिव्ह बाजूला सारली आणि मुलीची भिंगाखाली धरली. मागे मिलचा पट्टा फटफटत होता.

"आमच्या घरचा कोंडा पोरीच्या डोक्यावर पडला," ते सावकाश म्हणाले. "आमी तिले पाहाले जायच्या अगोदर." त्यांनी निगेटिव्ह जपून खाली ठेवली. "तारीख तीच ठेवा, इवाई."

लक्ष्मणरावांनी टोपी डोक्यावर ठेवली. ती इतकी चुरगळली होती की नीट बसेना.

लग्न थाटात झालं. मांडवावर काही पडलं नाही. स्कायलॅब पुढे पावसाळ्यात दूर ऑस्ट्रेलियाकडे पडली. आकाशाबद्दल मत देण्याआधी घरची मागची खिडकी बघावी, एवढं शास्त्र मला समजलं. त्या लग्नाच्या निगेटिव्ह मी बंद कपाटात वाळवल्या. सबंध अल्बमात एक डाग नव्हता.

शेठजींनी पानं उलटली. परत उलटली. "अक्षता कुठं गेल्या?"

खऱ्या अक्षता बारीक, त्यात कुंकवाने रंगवलेल्या. काळ्या-पांढऱ्या फोटोत त्या दिसतच नव्हत्या. हे मी समजावून सांगितलं. शेठजींना पटलं नाही. "पोरीच्या त्या फोटूत होत्या, तशा पाहिजे," ते म्हणाले.

मग मी पांढरा रंग आणि बारीक ब्रश घेऊन बसलो आणि अल्बमातल्या एकेका फोटोवर अक्षता काढल्या. आकार मला पाठ होता.