पोचवणारे साडू

निरोप द्यावा तर आमच्या थोरल्या साडूंनी. बाकीच्या दुनियेनं नुसते हात हलवावेत. नांदूरघाटच्या स्टँडवरून आजवर जो कुणी बाहेर पडला, मग तो लग्नाला निघालेला असो, नोकरीला असो, कोर्टाच्या तारखेला असो, नाहीतर नुसता बीडला चष्मा करायला, त्याला साडूंनी पोचवलेलं आहे. गाडीच्या आधी अर्धा तास ते हजर. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणार, ती उन्हाची निघाली तर दुसऱ्या कुणाला गोड बोलून उठवून सावलीची मिळवणार, मांडीवर भाकरी आणि शेंगाच्या चटणीची पुडी ठेवणार, ड्रायव्हरला "सावकाश घ्या मालक, आमचं माणूस हाय आत" असं बजावणार, आणि मग खिडकीचा गज धरून बोलायला लागणार. गाडी हलली की ते चालायला लागतात, गाडीनं वेग घेतला की पळायला लागतात, आणि गावाबाहेरच्या पुलापाशी दम लागून थांबतात. साठी उलटली त्यांची, पण पूल काही अलीकडं आलेला नाही.

मी त्यांचा धाकटा साडू. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि मी शाळामास्तर म्हणून ते मला गुरुजी म्हणतात. या पोचवण्याचा प्रसाद मी भरपूर खाल्लेला आहे. एकदा बोलण्याच्या नादात त्यांनी मला अशा काही प्रेमानं गाडीत बसवलं की पाटी दोघांनीही वाचली नाही, आणि बीडला निघालेला मी धारूरला उतरलो. तिथला किल्ला बघितला आणि मुकाट्यानं परत आलो. साडूंना त्याचं काही वाटलं नाही. उलट "किल्ला कसा हाय?" म्हणून विचारलं. गावातले पंक्चर काढणारे चाचा हजला निघाले तेव्हा साडूंनी त्यांना इतका वेळ मिठी मारली की चाचाच शेवटी म्हणाले, "अरे छोड बे, मक्का मैं जा रहा हूँ, तू नहीं!" आणि ज्या तलाठ्याला सगळा गाव कंटाळला होता, त्याच्या बदलीच्या दिवशी स्टँडवर एकटे साडू होते आणि ढसाढसा रडत होते. मी रागावलो. "अहो, त्यानं तुमच्या फेरफाराला वर्षभर झुलवलं!" तर म्हणाले, "झुलवलं ना. पर जाताना माणूस एकटा दिसू नये गुरुजी." आता अशा माणसावर रागवायचं तरी किती?

त्यांचं एक ठाम मत होतं. जाणाऱ्याचं काही नसतं, त्याला पुढं नवं गाव दिसत असतं. जड जातं ते मागं राहणाऱ्याला. म्हणून मागं राहणाऱ्यानं पोटभर निरोप देऊन घ्यावा.

आणि या माणसानं स्वतःच्या एकुलत्या एक मुलीला मात्र पोचवलं नव्हतं. पोर लहानपणापासून विहिरीच्या काठावर पालथी पडून कासवं बघायची. तेच शिकली, तेच शिकत राहिली, आणि शेवटी समुद्री कासवांच्या कामासाठी तिला जपानच्या कुठल्याशा बेटावर बोलावणं आलं. निघायच्या दिवशी स्टँडवर सगळा गाव लोटला होता. साडू नव्हते. "मोटार बंद पडली म्हणून शेतात गेलेत," असं मेहुणी सांगत होत्या आणि कुणाकडं बघत नव्हत्या. पुण्यापर्यंत मी पोरीसोबत गेलो. वाटेत तिनं एकच विचारलं, "काका, अप्पा समद्या जगाला पोचवत्यात. माझ्याच येळी कावून न्हाई आले?" परत आल्यावर साडूंनी विचारलं, "कशी गेली?" मी म्हणालो, "हसत गेली." त्यांनी मान हलवली आणि विषय मिटला. त्यानंतर दर रविवारी बापलेक फोनवर बोलायचे. पाऊस, कापूस, म्हैस, सगळं निघायचं. तो दिवस कधी निघाला नाही.

चार वर्षांनी पोरीनं आईबापांना बेट बघायला बोलावलं. मेहुणींना केजच्या गाडीतही मळमळतं. टोकियोपासून पुढं बोटीनं चोवीस तास, हे ऐकूनच त्या आडव्या झाल्या. त्यांच्या जागी माझी वर्णी लागली. निघताना साडू मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तिला एक सांगायचं हाय गुरुजी. फोनवर न्हाई सांगता येत. समोर सांगतो." काय ते मी विचारलं नाही, मला कळलं होतं.

ओगासावारा म्हणतात त्या बेटांना. विमान उतरत नाही, आठवड्याला जवळजवळ एकच बोट, आणि समुद्र असा निळा की साडू पहिल्या सकाळी कठड्याला धरून म्हणाले, "एवढं पाणी हाय आणि आपण टँकरची वाट बघत बसतो! लई अन्याव हाय." धक्क्यावर पोरगी उभी होती, उन्हानं रापलेली, दंडाला मीठ लागलेली, आणि भोवतीच्या जपानी माणसांशी घडाघडा त्यांच्या भाषेत बोलत होती. साडू बघत राहिले. मग माझ्या बरगडीत कोपर मारून म्हणाले, "आपलीच हाय बरं का ती." मला काय ती अनोळखी होती? पण माझाही ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू.

तिनं आम्हांला सगळं दाखवलं. रानात शिरायच्या आधी तिथं चपलांचे तळ घासून धुवावे लागतात. त्या रानात जगात दुसरीकडं नसलेल्या गोगलगायी आहेत, बाहेरच्या मातीनं त्यांना अपाय नको म्हणून. मला वाटलं साडू कुरकुरतील. त्यांनी स्वतःच्या धुतल्या आणि वर माझ्याही तीनदा धुवायला लावल्या. झाडाला उलटी लोंबणारी मोठमोठी वटवाघळं बघितली, आणि देवमासा तर आमच्या होडीशेजारीच वर आला. साडूंनी त्याला नमस्कार केला. एका संध्याकाळी म्हाताऱ्या बायका पानांचे घागरे घालून नाचल्या, ढोल वाजला, आणि साडू त्यांच्यात लेझीम खेळल्यासारखे नाचून आले. बायकांना ते इतके आवडले की दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या मुक्कामी पपया पाठवल्या. या सगळ्यात सांगायचं ते राहूनच जात होतं. रोज सकाळी साडू "आज सांगतो" म्हणायचे आणि रोज संध्याकाळी जेवण कसं होतं यावर बोलायचे.

मग एके दिवशी ऊन उतरल्यावर पोरीनं टोपलीभर कासवाची पिल्लं किनाऱ्यावर आणली, तळहाताहून लहान. ती वाळूवर सोडली तशी सगळी फरफरत पाण्याकडं निघाली आणि आमचे साडू त्यांच्या बाजूनं ओणवे होऊन चालायला लागले. "नीट जावा रे. घाई करू नगा. अय बारक्या, तिकडं न्हाई, हिकडं!" एकेका पिल्लाला त्यांनी लाटेपर्यंत पोचवलं. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. मग विचारलं, "ह्यांची आई कुठं हाय गं?"

"ती अंडी घालून जाते अप्पा. ह्यांना पोचवायला कुणी नसतं," पोरगी म्हणाली. सरळ म्हणाली, टोचून नाही. साडूंनी तोंड उघडलं. आणि साडू म्हणाले, "पाण्यात साप असत्यात का गं?" मला त्यांचा गळाच धरावासा वाटला.

परतीचा दिवस आला. दुपारी बोट सुटायची होती. धक्क्यावर अख्खं बेट जमलं होतं. ढोल, गळ्यात फुलांचे हार, प्रत्येकाचा हात हातात. साडू गोंधळून गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते जाणाऱ्यांच्या बाजूला होते. बोट हलली तशा लहान लहान होड्या आमच्यासोबत निघाल्या, पाच, सहा, सात, आणि त्यातली माणसं हात हलवत ओरडत होती. "जाऊन या म्हणतात," असं पोरीनं आधीच सांगून ठेवलं होतं. बंदराच्या तोंडाशी होड्या थांबल्या आणि माणसं टपावर चढून एकेक करत समुद्रात उड्या मारायला लागली. ही तिथली रीत आहे. शेवटच्या होडीवर आमची पोरगी उभी होती.

"अगं, खोल हाय तिथं!" साडू ओरडले. जिच्या गावी उन्हाळ्यात प्यायला हंडाभर पाणी मिळायची मारामार, त्या पोरीनं हात वर केले आणि धाडकन महासागरात उडी मारली. वर आली, केस मागं सारले, आणि दोन्ही हात हलवत राहिली. बोटीवरचे सगळे टाळ्या वाजवत होते. मी तर शिट्टी मारली, मास्तर असून! साडूंना हात हलवता येईना. कठडा धरून ते रडत होते, आणि पोरगी ठिपक्याएवढी होऊन मिटेपर्यंत तिथून हलले नाहीत.

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "जाणाऱ्याला एवढं लागतंय व्हय गुरुजी? ती त्या दिवशी खरंच हसत गेलती का?"

इतकी वर्षं जपलेलं खोटं मला पुढं ओढवेना. "नाही साडूभाऊ," मी म्हणालो. "मागच्या सीटवर जाऊन बसली होती. लिंबागणेश मागं पडेपर्यंत काचेतून रस्ता बघत होती, तुम्ही येताय का म्हणून."

त्यांनी खिशातून फोन काढला. भर समुद्रात कुठली रेंज? रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या दुपारपर्यंत ते तो हातात धरून बसले, जेवतानासुद्धा. टोकियोचा धक्का दिसायला लागला आणि फोन लागला. मी मुद्दाम लांब जाऊन उभा राहिलो. बापलेकीचं बोलणं आपण कशाला ऐकायचं? पण साडूंचा आवाज नांदूरघाटच्या स्टँडवर घडलेला, सगळ्या बोटीला ऐकू गेला.

"पोरी, मोटार बिटार काय बंद न्हवती. मी पुलाच्या पलीकडं बांधावर हुतो. बाभळीमागं. तुझी गाडी माझ्या समोरनं गेली. तुला तोंड दाखवलं असतं तर जाऊ दिलं नसतं मी. गाडी दिसंनाशी झाली, तरी लई येळ तिथंच हुतो."