आत्याने वाटून टाकलेला वाढदिवस

कुणाचं दुःख दिसलं की आमची आत्या हाताला येईल ते देऊन टाकते, आणि तिच्या हाताला नेमकं माझंच काहीतरी येतं. तिला मूलबाळ नाही. वाशीच्या बाजारातून भाजी आणून ती आमच्या बोनकोडे गावात विकते आणि पाटीबरोबर बाजारात गोणींवर झोपणारं एखादं पोरही घरी आणते. त्याला अंघोळ घालताना इतकं घासते की शेजारचे काका विचारतात, "काय गो, पोर धुतेस का टोप?" एकदा माझा कॉलेजचा शर्ट अशाच एका पोराच्या अंगावर दिसला. गुडघ्यापर्यंत येत होता आणि, राग त्याचाच आला, माझ्यापेक्षा त्याला शोभत होता.

शर्टाचं एक वेळ सोडा. पण वाढदिवस?

शाळेत माझा जन्म एक जूनचा. आईवडील शिकलेले नाहीत, म्हणून गुरुजींनी सोयीने तसा लिहिला. खरा दिवस नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा, आणि तो फक्त आत्याच्या लक्षात राहिला. दरवर्षी ती मला पाटावर बसवून ओवाळायची, आदल्या दिवशीचा नारळीभात वाढायची. एवढी एकच गोष्ट माझी एकट्याची होती.

गेल्या वर्षी तिने बाजारातल्या पोरांना शाळेत घातलं. गुरुजींनी सगळ्यांना एक जून दिला, तशी ती भडकली. "पावसाली बेडूक हायत का, सगलं एकाच दिवशी निघायला?" आणि घरी येऊन तिने सगळ्यांना माझा दिवस देऊन टाकला!

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर पाटांची रांग होती. मी शेवटी, तोंड पाडून.

"आत्ये, हा दिवस माझा आहे."

"तुजाच हाय. पोर जल्माला आलं म्हनून मी नाचले, तो येवराच दिवस. माज्याकं दुसरा हाय कुठं?"

हेवा मात्र गेला नाही, खोटं कशाला सांगू, अजूनही पुरता गेलेला नाही. पण शेजारच्या पाटावरचं सगळ्यात लहान पोर, आत्याचा हात तोंडाजवळ येताच, डोळे गच्च मिटून, मान आत ओढून बसलं. तोंडाजवळ आलेला हात मारतोच, एवढंच त्याला आजवर ठाऊक होतं. आत्या निरांजन धरून तशीच थांबली.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"डोळे उघड रे. तिच्याकडे बघायचं असतं."