चादरीवरची खेळणी

तलासरीच्या पाड्यांवरच्या अंगणवाड्यांत लहान मुलांची तपासणी करत फिरणं, हे माझं काम. मूल वयाप्रमाणे बोलतं का, खेळतं का, माणसांत मिसळतं का ते बघायचं आणि शंका आली तर मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचं. सोबत खेळण्यांची पिशवी, एक चादर आणि फॉर्म. त्या फॉर्मचा मला काय तोरा होता, विचारू नका!

त्या दिवशी तीन वर्षांची एक पोर समोर बसली. मी चादर अंथरली आणि चादरीवर ठोकळे, बाहुली, चेंडू असं सगळं नीट मांडलं. पोरीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"घे ना बाळा, बाहुलीला जेवू घाल."

ढिम्म. तोंडातून चकार शब्द नाही. मी आपली फुल्यांवर फुल्या मारत गेले.

तिची आई घोलवडला चिकूच्या वखारीत माल निवडायला जायची, आज खाडा करून आली होती. "ताई, घरी लय बोलते ओ ती," ती म्हणाली. सगळ्याच आया असं म्हणतात, म्हणून मी नुसती मान डोलावली. मग तिने हळूच विचारलं, "सासू म्हणते पोर वेडी हाय. खरंच हाय का?"

फॉर्म म्हणजे फॉर्म! मी डॉक्टरांना द्यायची चिठ्ठी लिहायला घेतली आणि एका हाताने खेळणी आवरू लागले. तेवढ्यात एक ठोकळा घरंगळत चादरीबाहेर गेला. पोर अशी झेपावली की बस्स! ठोकळा उचलून फ्रॉकला पुसला, खोटाखोटाच चावा घेतला आणि नसलेली बी थू करून थुंकली.

आईने कपाळावर हात मारला. "अगो बाई! वखारीत ही माझ्यासंगं असते. तिथं चादरीवर मांडलेल्या मालाला हात लावला तर मुकादम ओरडतो. खाली पडलेलं तेवढं पोरांचं. मीच शिकवलंय तिला."

माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, कोण जाणे! इतके दिवस मी माल मांडून बसत होते आणि शिस्तीच्या पोरांना फुल्या मारत होते. लाज वाटली हो. चादर ओढून भिरकावली आणि अख्खी पिशवी जमिनीवर पालथी केली.

मग काय, पोरीच्या खेळाला ऊतच आला. एकावर एक सहा ठोकळे चढले. मी चिठ्ठी टराटरा फाडली. आईही सरकत सरकत जवळ आली. असली खेळणी तिच्या हातात बहुधा पहिल्यांदाच येत होती. तिने सातवा ठोकळा ठेवला आणि सगळा डोलारा धाडकन कोसळला.

पोर कमरेवर हात ठेवून कडाडली, "आये, तू जा कामाला!"

फॉर्ममधला प्रश्न होता, मूल दोन शब्द जोडून बोलतं का. ही तर आईला हाकलून लावत होती. आई हसता हसता रडायला लागली. पदराने डोळे पुसून तिने मांडी ठोकली आणि म्हणाली, "नाय जात, जा! आज मी पण खेळणार."