बिडी संपेपर्यंत

"मढाले काय घाई शे?" असं म्हणून आबा आधी बिडी पेटवायचा. मगच होडीची दोरी सोडायचा.

पारोळ्याकडच्या आमच्या धरणात कोणी बुडालं की प्रेत काढायला त्यालाच बोलवत. एरवी तो मासे धरायचा. मी धरणावर वॉचमन. तुम्ही त्याला बघितलं असतं तर तुम्हीही रस्ता बदलला असता. लग्नाच्या पंगतीत त्याला सगळ्यात शेवटी वाढायचे, तेही लांब बसवून. तो हसायचा. "जेवाले बी घाई नही, नाना. शेवटी बठ्ठा मन्हाकडेच येतस."

माझी बायकोही त्याच्याकडेच गेली. श्रावणात कानबाई देवी बोळवायला पाट डोक्यावर घेऊन पाण्यात उतरली आणि पाय घसरला. मला पोहता येत नाही. मी काठावर नुसता बोंबलत होतो. लोक म्हणाले, गेली. आबाने बिडी संपवली, होडी सोडली आणि तिला केसांना धरून वर काढली. बुडालेल्याला तो असाच धरायचा. मी त्याच्या पाया पडलो. निदान हाती तरी लागली, म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात धुळ्याच्या विमानशाळेतून घिरट्या घालत येणारं शिकाऊ विमान डोक्यावर आलं आणि त्याचा आवाजच बंद पडला. खाली खाली येत पाण्यावर पोट घासत गेलं आणि मधोमध थांबलं. काठावरच्या सगळ्यांनी मोबाइल काढले. आबाने बिडी काढली.

"दोन मढा व्हतीन," म्हणाला. निम्मी ओढून झाल्यावर मला होडीत घेतलं.

जवळ गेलो तर पंखावर एक पोरगी उभी. हात हलवत आम्हाला शिव्या देत होती.

"आबा, जित्ती शे ती!" मी ओरडलो.

त्याच्या तोंडातली बिडी गळून पडली. मग असं वल्हं मारलं त्याने, की होडी फुटते वाटलं. पोरगी रडत होती, "सर आत आहेत, सर!" तिला होडीत ओढली तोवर विमान बुडालं. आबाने उडी मारली. पट्टा कापून माणूस वर आणला. छाती दाबली, तोंडात फुंकलं. काही उपयोग झाला नाही. पोरगी आबाच्या पाठीत बुक्क्या मारत होती. "काठावर उभं राहून काय करत होतात?"

परतताना आबाने वल्हं सोडून दिलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "हाऊ आजून गरम शे, नाना."

मग थांबून म्हणाला, "वहिनी बी गरम व्हती."

त्यानंतर तो पळायला लागला. दोन दिवसांचं फुगलेलं प्रेत असलं तरी धापा टाकत पळायचा. पोरं बांधावरून ओरडायची, "आबा, मढाले काय घाई शे?" मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पोरांनाही गप्प केलं नाही.

असाच एकदा धरणाच्या भिंतीवरून पळता पळता पडला, तो उठलाच नाही. ज्याच्यासाठी पळाला, ती बुडालेली म्हैस निघाली.

तिरडी बांधली. माणसं मोजकीच. ऊन चढायला लागलं तसे लोक म्हणाले, "नाना, चला, उचला लवकर." आबाच्या खिशात बिडीचं बंडल होतं, न फोडलेलं. मी ते फोडलं, त्याच्या उशाशी बसून एक पेटवली आणि ती संपेपर्यंत कोणाला तिरडीला हात लावू दिला नाही.